हातातील खेळयंत्रे : निवडीचा एक धडा

१९९१ सालच्या नाताळाच्या दिवसांत अमेरिकेतील खेळण्यांच्या मोठ्या दुकानात शिरणाऱ्या पालकासमोर एक लहानसा पेच उभा राहत असे. तेथे तीन यंत्रे विक्रीस असत. तिन्ही हातात मावणारी, तिन्ही सेलवर चालणारी आणि तिन्हींत कार्ट्रिज बदलून निरनिराळे व्हिडिओ खेळ खेळण्याची सोय असलेली. पहिले यंत्र निन्टेंडो कंपनीचे ‘गेम बॉय’. करड्या रंगाची जाडजूड पेटी, तिच्यावर हिरवट-पिवळसर झाक असलेला पडदा, आणि त्या पडद्यावर एकाच रंगाच्या चार छटा. पडद्यामागे दिवा नाही. खिडकीजवळ किंवा दिव्याखाली बसल्याखेरीज चित्र नीट दिसत नसे. दुसरे यंत्र सेगा कंपनीचे ‘गेम गिअर’ आणि तिसरे अटारी कंपनीचे ‘लिंक्स’. या दोहोंचे पडदे रंगीत होते आणि आतून उजळलेले होते. खोलीत अंधार असला तरी त्यांच्यावरील चित्र लख्ख दिसे.

दुकानात उभ्या असलेल्या मुलाचे डोळे कोणत्या यंत्राकडे वळत असतील, हे सांगावयास नको. पालकाची नजर किमतीच्या चिठ्ठीकडे जात असे. गेम बॉय १९८९ साली अमेरिकेत सुमारे ९० डॉलरला आले; त्याच वर्षी आलेल्या लिंक्सची किंमत त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे १८० डॉलर होती; गेम गिअर १५० डॉलरच्या आसपास मिळे. ‘चांगली वस्तू महाग असावयाचीच’ अशी मनाची समजूत घालून पदरमोड करणारा पालक त्याही समाजात दुर्मीळ नव्हता. विरोधी कंपन्यांच्या जाहिरातीही गेम बॉयच्या रंगहीनतेची उघड टर उडवीत होत्या.

तरीही या शर्यतीचा निकाल आज सर्वांना ठाऊक आहे. गेम गिअरची जगभरातील विक्री सुमारे १ कोटी ६ लाखांवर थांबली. लिंक्सला तेवढाही पल्ला गाठता आला नाही. गेम बॉय आणि त्याची पुढे निघालेली रंगीत आवृत्ती यांची एकत्रित विक्री मात्र ११ कोटी ८६ लाखांपर्यंत पोहोचली. गुणांच्या यादीत सर्वांत उणे असलेले यंत्र लोकांनी दहापटीने अधिक का घेतले? केवळ ते स्वस्त होते म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. खरे उत्तर शोधण्यासाठी या यंत्राच्या जन्मकथेपासून आरंभ करणे इष्ट ठरेल.

गणकयंत्राच्या पडद्यापासून

कार्ट्रिज बदलता येणारे हातातील पहिले खेळयंत्र अमेरिकेत १९७९ साली निघाले. मिल्टन ब्रॅडली या कंपनीच्या त्या यंत्राचे नाव ‘मायक्रोव्हिजन’. त्याच्या पडद्यावर आडवे सोळा आणि उभे सोळा इतकेच ठिपके होते. एवढ्या अपुऱ्या सामग्रीवर फार काही रंगविता येत नसे आणि ते यंत्र फार काळ टिकले नाही.

याच सुमारास जपानमधील क्योतो शहरात गुनपेई योकोई नावाचा एक अभियंता याच दिशेने विचार करीत होता. योकोई १९६५ साली निन्टेंडो कंपनीत लागले, तेव्हा ही कंपनी मुख्यतः पत्ते बनवीत असे. ‘हानाफुदा’ या पारंपरिक जपानी पत्त्यांचे उत्पादन करणाऱ्या यंत्रांची देखभाल हे त्यांचे काम होते. फावल्या वेळात त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी लांबविता येणारा एक जाळीदार हात तयार केला होता. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाऊची यांच्या तो दृष्टीस पडला. नोकराने कामाच्या वेळात खेळ मांडला म्हणून कानउघाडणी होण्याऐवजी त्याला तेच खेळणे विक्रीसाठी तयार करण्यास सांगण्यात आले. ‘अल्ट्रा हँड’ या नावाने १९६६ साली निघालेल्या त्या खेळण्याची दहा लाखांहून अधिक विक्री झाली, आणि यंत्रांची देखभाल करणारा हा मनुष्य खेळणी घडविणारा कारागीर बनला.

हातातील खेळयंत्राची कल्पना योकोई यांना वेगाने धावणाऱ्या शिन्कान्सेन आगगाडीत सुचली, असे सांगतात. शेजारचा एक नोकरदार प्रवासी वेळ जात नाही म्हणून खिशातील गणकयंत्राची बटणे उगाचच दाबीत बसला होता. त्या काळी जपानमधील गणकयंत्रांच्या कारखान्यांत किमतीची जीवघेणी चढाओढ लागली होती. तीत गणकयंत्राचा लहानसा पडदा आणि त्यामागील चकती अतिशय स्वस्त झाली होती. आकडे दाखविणारा हा पडदा चित्रेही दाखवू शकेल आणि मोठ्या माणसालाही लाज न वाटता गाडीत बसून खेळता येईल, हे योकोई यांनी हेरले. १९८० साली ‘गेम अँड वॉच’ ही मालिका सुरू झाली. प्रत्येक यंत्रात एकच खेळ आणि जोडीला घड्याळ. याच मालिकेतील १९८२ सालच्या ‘डाँकी काँग’ या यंत्रावर अंगठ्याने चार दिशा दाबता येतील असे अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण प्रथम आले. पुढे ते जगभरच्या खेळयंत्रांवर सर्रास दिसू लागले. या मालिकेची चार कोटींहून अधिक यंत्रे खपली.

मुरलेले तंत्र

योकोई यांनी आपली कार्यपद्धती एका जपानी वाक्प्रयोगात सांगितली आहे. त्यातील तंत्राचे विशेषण शब्दशः ‘वाळलेले’ किंवा ‘सुकलेले’ असे आहे. परंतु त्याचा भावार्थ मराठीत ‘मुरलेले’ या शब्दाने अधिक नेमका पोहोचतो. लोणचे घातल्या दिवशी खाण्यात जशी मौज नसते, तसेच तंत्राचेही आहे. जे तंत्र बरीच वर्षे वापरात आहे, ज्याचे गुणदोष कारागिरांना तळहाताप्रमाणे ठाऊक झाले आहेत आणि ज्याची किंमत खाली आली आहे, ते तंत्र मुरलेले. अशा तंत्राचा आजवर कोणी न केलेला उपयोग शोधावयाचा, त्याला एका क्षेत्रातून उचलून शेजारच्या क्षेत्रात नेऊन बसवावयाचे, ही त्यांची रीत होती. गणकयंत्राचा पडदा खेळात नेणे हे तिचे उत्तम उदाहरण होय.

गेम बॉय याच रीतीने घडले. योकोई यांच्या विभागात सातोरू ओकादा यांच्या प्रमुख सहभागाने ते तयार झाले आणि २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये १२,५०० येन किमतीस विक्रीस आले. त्याचा गणनघटक आठ बिटांचा होता आणि त्या काळाच्या मानानेही तो नवलाचा नव्हता. पडद्यावर आडवे १६० व उभे १४४ ठिपके होते. रंगीत पडदा त्या वेळी उपलब्ध नव्हता असे नाही. लिंक्सने तो त्याच वर्षी वापरून दाखविला. निन्टेंडोने तो जाणूनबुजून टाळला.

याउलट लिंक्स हे यंत्र आपल्या काळाच्या पुढे होते. एपिक्स या कंपनीत त्याचा आराखडा झाला आणि अटारीने ते बाजारात आणले. चित्रे क्षणार्धात लहानमोठी करण्याची सोय त्याच्या चकतीतच होती. डावखुऱ्या खेळाडूला ते उलटे धरून खेळता येई, ही सोय तर आजही कौतुकास्पद वाटावी. सेगाचे गेम गिअर ऑक्टोबर १९९० मध्ये जपानमध्ये आले. त्याची अंतर्रचना सेगाच्याच ‘मास्टर सिस्टिम’ या दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या यंत्राशी जवळचे नाते सांगणारी होती. ४,०९६ रंगांच्या संग्रहातून एका वेळी ३२ रंग ते दाखवू शके. स्वतंत्र जोडयंत्र लावल्यास त्यावर दूरचित्रवाणीही पाहता येई. कागदावर तुलना केली असता गेम बॉय या दोहोंच्या पासंगालाही पुरत नव्हते.

पडदा आणि प्रकाश

येथे या पडद्यांच्या रचनेकडे थोडे वळणे आवश्यक आहे. कारण निकालाचे बीज तेथेच दडलेले आहे.

या पडद्यांत काचेच्या दोन पातळ तावदानांमध्ये द्रव-स्फटिक नावाच्या पदार्थाचा थर असतो. पुढेमागे ध्रुवक म्हणजे प्रकाशाला एकाच पातळीत कंप पावू देणारे पापुद्रे असतात. विजेचा सूक्ष्म दाब दिला की स्फटिकांच्या रेणूंची मांडणी बदलते, आणि त्या ठिपक्यातून प्रकाश जावयाचा की अडावयाचा हे ठरते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, द्रव-स्फटिक स्वतः प्रकाश देत नाही. तो केवळ दार उघडतो आणि लावतो. दार उघडण्यास वीज अत्यल्प लागते. प्रकाश मात्र कोठून तरी आणावाच लागतो.

गेम बॉयमध्ये हा प्रकाश खोलीतूनच येत असे. पडद्याच्या मागील थर तो परावर्तित करी. सूर्य आणि घरातील दिवा यांच्या प्रकाशावर यंत्राचा काहीच खर्च होत नसे. रंगीत पडद्याला ही काटकसर त्या काळी परवडणारी नव्हती. रंग दाखविण्यासाठी प्रत्येक ठिपक्याचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग करून प्रत्येकावर त्या त्या रंगाची गाळणी बसवावी लागते. गाळणी आपल्या रंगाखेरीज उरलेला प्रकाश गिळून टाकते. ध्रुवकांत आधीच बराच प्रकाश नष्ट झालेला असतो. अशा रीतीने आत शिरलेल्या प्रकाशाचा अगदी लहान अंश बाहेर येतो. म्हणून मागे जोरदार दिवा हवा. गेम गिअर आणि लिंक्स यांच्या पडद्यामागे प्रकाशनलिका बसविलेली होती. ती सतत जळत असे आणि सेलमधील शक्तीचा मोठा वाटा तीच खाऊन टाकीत असे.

सेलचा हिशेब

गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागत आणि त्यांवर ते साधारणपणे पंधरा तास चाले. गेम गिअरला तसेच सहा सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. लिंक्सची भूकही जवळपास तेवढीच होती.

हे आकडे नुसते वाचले तर त्यांचा अर्थ पुरता उमगत नाही. म्हणून एक हिशेब मांडून पाहावा. एखादे मूल वर्षातून ३०० तास, म्हणजे दिवसाला तासाभराहूनही कमी खेळते असे धरू. गेम बॉयवर या वर्षात चार सेलचे २० संच, म्हणजे ८० सेल खर्च होतील. गेम गिअर एका संचावर चार तास चालते असे मानल्यास सहा सेलचे ७५ संच, म्हणजे ४५० सेल लागतील. सेलची किंमत कोणत्याही देशात कितीही धरली तरी हे प्रमाण बदलत नाही : एका यंत्राचा चालू खर्च दुसऱ्याच्या साडेपाच पटींहून अधिक. ‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण अशा प्रसंगासाठीच आहे. येथे तर कोंबडीही चार आण्यांची नव्हती.

भिंतीतील विजेवर यंत्र चालविण्याची आणि पुन्हा भारित होणारा विद्युत्‌संच वेगळा विकत घेण्याची सोय होती, हे खरे आहे. परंतु वायरीने भिंतीला बांधलेले यंत्र हातातील यंत्र कसे म्हणावे? ज्याला घरातच बसून खेळावयाचे आहे त्याच्यासाठी दूरचित्रवाणी संचाला जोडावयाची अधिक सामर्थ्यवान यंत्रे दुकानात होतीच. हातातील यंत्र घ्यावयाचे ते आगगाडीसाठी, मोटारीच्या मागच्या बाकासाठी, आजोळच्या सुट्टीसाठी. नेमक्या अशाच जागी, प्रवास निम्म्यावर आला असताना, तेजस्वी पडदा मंद होत होत विझून जात असे. खरेदीच्या दिवशी जो गुण डोळ्यांत भरला होता, तोच वापराच्या दिवशी दोष ठरत असे.

योकोई यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले आहे की, प्रतिस्पर्ध्याचे नवे यंत्र आल्याची वार्ता घेऊन सहकारी आले, की त्यांचा पहिला प्रश्न पडदा रंगीत आहे की एकरंगी एवढाच असे. रंगीत आहे असे कळताच ते निश्चिंत होत. त्यांना भीती होती ती दुसऱ्या एखाद्या मंद पडद्याची.

गेम बॉयचा पडदाही निर्दोष नव्हता, हे येथे नमूद केलेच पाहिजे. सायंकाळी त्याच्यावर डोळे ताणावे लागत. वेगाने सरकणाऱ्या आकृतीमागे पुसट सावली ओढली जाई. या उणिवेवर उपाय म्हणून भिंग आणि दिवा असलेली जोडसाधने निरनिराळ्या कारखानदारांनी विकली. परंतु ही उणीव दुकानातच दिसत होती. घेणारा ती पाहून घेत होता. प्रतिस्पर्ध्यांची उणीव घरी गेल्यावर, सेलचा पहिला संच संपल्यावर कळत होती. शिवाय गेम बॉयची पेटी दणकट होती. आखाती युद्धाच्या काळात आगीत होरपळलेले, आवरण वितळलेले, तरीही चालू असणारे एक गेम बॉय निन्टेंडोच्या न्यूयॉर्कमधील दुकानात अनेक वर्षे पाहावयास ठेवलेले होते.

खेळ आणि सवंगडी

यंत्र कितीही काटकसरी असले तरी ते काही कोणी काटकसरीसाठी विकत घेत नाही; घेतो तो खेळासाठी. येथे गेम बॉयला एका अनपेक्षित देशातून साहाय्य मिळाले. १९८४ साली मॉस्कोतील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणारे अलेक्सेई पाजित्नोव यांनी ‘टेट्रिस’ हा खेळ रचला. चार चौकोनांपासून बनलेले तुकडे वरून पडत राहतात आणि ते फिरवून, सरकवून आडवी ओळ पूर्ण भरावयाची, एवढाच त्याचा नियम. हेंक रॉजर्स या व्यावसायिकाने १९८९ च्या आरंभी मॉस्कोला जाऊन सोव्हिएत सरकारच्या निर्यात संस्थेशी बोलणी केली आणि हातातील यंत्रांसाठी या खेळाचे हक्क निन्टेंडोला मिळाले. अमेरिकेत आणि युरोपात गेम बॉयच्या पेटीतच टेट्रिसचे कार्ट्रिज देण्यात आले.

हा खेळ आणि हे यंत्र यांची जोडी जणू परस्परांसाठीच घडविलेली होती. टेट्रिसला रंगांची गरज नाही. तुकड्याचा आकार तेवढा ओळखू आला म्हणजे पुरे. पडद्यावर एका वेळी एकच तुकडा सरकत असल्याने पुसट सावलीचा अडथळा होत नाही. पाच मिनिटांचा वेळ असेल तर पाच मिनिटे, तासाभराचा असेल तर तासभर खेळता येते. भाषा यावी लागत नाही आणि वयाचीही अट नाही. मुलासाठी घेतलेले यंत्र रात्री आईवडिलांच्या हातात दिसू लागले, ते यामुळेच. १९९३ साली रशियन अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव यांनी गेम बॉय आणि टेट्रिसचे कार्ट्रिज ‘मीर’ अंतराळस्थानकावरही नेले होते. याच खेळाच्या एकरंगी, स्वस्त नकला नव्वदच्या दशकात भारतातील बाजारपेठांत आणि जत्रांतही विकल्या जात होत्या. अनेक भारतीय मुलांची हातातील खेळयंत्राशी पहिली ओळख त्यांच्यामार्फत झाली.

दुसरी गोष्ट सवंगड्यांची. दोन गेम बॉय तारेने जोडून समोरासमोर खेळता येई. ही सोय प्रतिस्पर्ध्यांकडेही होती. लिंक्सवर तर आठ यंत्रे जोडता येत. परंतु जोडण्यासाठी दुसरे यंत्र हवे ना! ज्या यंत्राचे मालक गल्लीगल्लीत होते त्याचीच तार कामास येत होती. फेब्रुवारी १९९६ मध्ये, गेम बॉय सात वर्षांचे जुने झालेले असताना, सातोशी ताजिरी यांचा ‘पोकेमॉन’ हा खेळ जपानमध्ये निघाला. लहानपणी कीटक जमविण्याच्या छंदातून त्याची कल्पना आकारास आली होती. हा खेळ दोन आवृत्त्यांत विकण्यात आला आणि काही प्राणी एका आवृत्तीत तर काही दुसरीत ठेवण्यात आले. संग्रह पूर्ण करावयाचा तर मित्राकडे जाऊन तार जोडून अदलाबदल करण्यावाचून गत्यंतर नव्हते. ज्याला म्हातारे समजून बाजूस सारण्याची वेळ आली होती, त्या यंत्राने यामुळे नवे आयुष्य मिळविले. १९९७ मध्ये सेगाने गेम गिअरचा व्यवसाय आवरता घेतला.

रंगही पुढे आलाच, पण त्याची वेळ झाल्यावर. १९९८ साली ‘गेम बॉय कलर’ निघाले. तोपर्यंत मागील दिव्याशिवाय, बाहेरील प्रकाशावर दिसणारा रंगीत पडदा तयार करणे शक्य झाले होते. दोन पेन्सिल सेलवर ते दहा तासांहून अधिक चाले आणि जुनी कार्ट्रिजेही त्यावर चालत. नऊ वर्षांपूर्वी ज्या तंत्राला नकार देण्यात आला होता, ते आता मुरले होते.

नियमाच्या मर्यादा

येथवरच्या कथेवरून ‘जुने व स्वस्त तेच उत्तम’ असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. इतिहास त्याला दुजोरा देत नाही, आणि विशेष म्हणजे खुद्द योकोई यांच्या आयुष्यातील दोन प्रसंग त्याविरुद्ध साक्ष देतात.

१९९५ साली त्यांनी ‘व्हर्च्युअल बॉय’ हे यंत्र घडविले. डोळ्यांना लावून पाहिले असता त्यात चित्राची खोली जाणवे. येथेही स्वस्त आणि परिचित साधन निवडले होते : तांबडा प्रकाश देणारे लहान दिवे. चित्रे काळी आणि तांबडी, एवढेच रंग. परंतु यंत्र टेबलावर मांडून मान वाकवून पाहावे लागे, शेजारच्याला आत काय चालले आहे ते दिसत नसे, आणि दीर्घकाळ खेळल्यास डोळ्यांना त्रास होण्याची तक्रार होती. आठ लाखही यंत्रे खपली नाहीत आणि पुढील वर्षी ते मागे घेण्यात आले. साधन मुरलेले होते. परंतु ज्या कामासाठी ते वापरले त्यास ते साजेसे नव्हते.

१९९६ मध्ये योकोई निन्टेंडोतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची लहान कंपनी काढली. तेथे त्यांनी बंदाई कंपनीसाठी ‘वंडरस्वान’ या यंत्राच्या आराखड्यावर काम केले. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. यंत्र बाजारात आलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. मार्च १९९९ मध्ये ४,८०० येन किमतीस निघालेले हे एकरंगी यंत्र एकाच पेन्सिल सेलवर तीस तासांच्या आसपास चाले आणि उभे किंवा आडवे धरून खेळता येई. काटकसरीत त्याने गेम बॉयलाही मागे टाकले. तरीही त्याची विक्री सुमारे ३५ लाखांच्या पुढे गेली नाही. सवंगडी आणि खेळ आधीच दुसरीकडे होते. जी गोष्ट एकदा गेम बॉयच्या बाजूने उभी राहिली होती, तीच आता गेम बॉयच्या निर्मात्याच्या विरुद्ध उभी ठाकली.

पुढील पिढीत हीच स्पर्धा नव्या रूपाने झाली. २००४ च्या अखेरीस निन्टेंडोचे ‘डीएस’ आणि सोनीचे ‘पीएसपी’ काही दिवसांच्या अंतराने बाजारात आले. पीएसपीचा पडदा मोठा आणि देखणा होता, त्यावर चित्रपटही पाहता येत. डीएसला दोन लहान पडदे होते आणि त्यांपैकी एकावर लेखणीने स्पर्श करून खेळता येई. डीएसची विक्री १५ कोटी ४० लाखांवर गेली. परंतु पीएसपीनेही सुमारे आठ कोटींचा पल्ला गाठला. त्याला पराभव म्हणणे अन्यायाचे होईल. सेलची जागा पुन्हा भारित होणाऱ्या विद्युत्‌संचाने घेतली होती आणि पडद्यामागील दिवाही पूर्वीइतका खादाड राहिला नव्हता. ज्याला प्रवासात चित्रपट आणि भव्य देखाव्यांचे खेळ हवे होते त्याच्यासाठी पीएसपीची निवड योग्यच होती.

निवडीची कसोटी

या सर्व कथेतून निवडीचे काही प्रश्न हाती लागतात, आणि ते केवळ खेळयंत्रांपुरते मर्यादित नाहीत. वस्तू नेमकी कोठे आणि केव्हा वापरली जाणार आहे? विकत घेतल्यानंतर ती चालविण्यास दरमहा काय लागेल? जिच्यासाठी वस्तू घ्यावयाची, ती गोष्ट, येथे खेळ, तिच्याकडे आहे काय? आणि वापरणाऱ्याच्या ओळखीच्या माणसांजवळ ती आहे काय? दुकानातील चिठ्ठीवर या चारांपैकी एकाचेही उत्तर लिहिलेले नसते. तेथे ठिपक्यांची संख्या, रंगांची संख्या आणि गणनघटकाची गती लिहिलेली असते, कारण या गोष्टी मोजण्यास आणि छापण्यास सोप्या असतात.

तीस-पस्तीस वर्षांनंतरही हा पेच मिटलेला नाही. २०१७ मध्ये निन्टेंडोचे ‘स्विच’ आले. ते हातातही खेळता येते आणि दूरचित्रवाणी संचालाही जोडता येते. निर्मात्याच्याच सांगण्यानुसार त्याची मूळ आवृत्ती एका भारणावर अडीच ते साडेसहा तास चालत असे. २०२२ मध्ये आलेले ‘स्टीम डेक’ संगणकावरील मोठमोठे खेळ हातात आणते. त्याच्या पहिल्या आवृत्तीची मर्यादा दोन ते आठ तासांची सांगितली गेली. एकाजवळ स्वतःचे खास खेळ आहेत, दुसऱ्याजवळ संगणकावर आधीच घेतलेल्या खेळांचा साठा चालविण्याची सोय आहे. कोणते श्रेष्ठ, हा प्रश्न हवेत विचारला तर त्याला उत्तर नाही. रोज बसच्या प्रवासात अर्धा तास खेळणारा कारकून, घरी भावंडांसह खेळणारी मुलगी आणि ज्याच्या संगणकावर शंभर खेळ पडून आहेत असा विद्यार्थी यांची उत्तरे भिन्न असणार, आणि ती तिन्ही बरोबर असू शकतील.

१९९१ च्या त्या दुकानातील पालकाकडे पुन्हा वळू. त्याने उजळ पडदा निवडला असेल, तर त्याच्या मुलाने पहिल्या संध्याकाळी अपार आनंद अनुभवला असेल, यात शंका नाही. तो आनंद खोटा नव्हता, आणि लिंक्स व गेम गिअर घडविणाऱ्या अभियंत्यांचे कौशल्यही खोटे नव्हते. गेम गिअरची आजही प्रेमाने जपणूक करणारे लोक आहेत. त्याच्यातील जुने, गळू लागलेले संधारित्र बदलून ते ती यंत्रे पुन्हा चालू करतात. परंतु ज्या पालकाने करडी पेटी घरी नेली, त्याचे मूल त्या उन्हाळ्यात आजोळी जाताना मोटारीच्या मागच्या बाकावर, खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे पडदा तिरपा धरून, सबंध वाटभर खेळत राहिले असेल; आणि परतीच्या वाटेवरही त्याच चार सेलवर.